श्रीमंताचे फाटक आणि जगाचा नकाशा

सामान्य काळातील सव्विसावा रविवार (वर्ष क)
वाचने : आमोस ६:१, ४-७ • १ तिमथी ६:११-१६ • लूक १६:१९-३१



आजच्या शुभवर्तमानातील श्रीमंत माणसाला नाव नाही. भिकाऱ्याला मात्र आहे, लाझरस. आपल्या व्यवहारात नेमके उलटे असते. श्रीमंताचे नाव बंगल्याच्या पाटीवर असते, सभागृहाच्या कोनशिलेवर असते. भिकारी हा फक्त 'कोणीतरी भिकारी' असतो. देवाच्या वहीतली नोंद वेगळी आहे, हे प्रभू येशू दाखल्याच्या पहिल्या दोन वाक्यांतच सांगून टाकतो.

संत लूक या श्रीमंताचे वर्णन फार थोडक्यात करतो. तो जांभळी आणि तलम तागाची वस्त्रे घालीत असे आणि रोज मेजवानी झोडीत असे. येशूच्या श्रोत्यांना एवढे पुरेसे होते. जांभळा रंग भूमध्य समुद्रातील एका गोगलगायीपासून काढला जाई आणि त्यासाठी फिनिशियातील सोर हे बंदर प्रसिद्ध होते. सुमारे १२,००० गोगलगायींपासून जेमतेम दीड ग्रॅम रंग मिळतो, असे विसाव्या शतकाच्या आरंभी एका रसायनतज्ज्ञाने प्रयोग करून दाखवले. उत्तम तलम ताग येई मिसर देशातून. म्हणजे या माणसाच्या अंगावर दोन देशांचा व्यापार होता. त्याच्या फाटकाशी मात्र एक माणूस भुकेला पडला होता.

पहिल्या वाचनातही हेच आहे. संदेष्टा आमोस शोमरोनातील श्रीमंतांना हस्तिदंती पलंगांवर लोळणारे म्हणतो. शोमरोनात हत्ती नव्हते, हस्तिदंत दुरून येई. विसाव्या शतकात तेथे उत्खनन झाले तेव्हा कोरीव हस्तिदंताचे शेकडो तुकडे सापडले. आमोस अतिशयोक्ती करत नव्हता. मात्र त्याचा आरोप हस्तिदंतावर नाही. योसेफाच्या घराण्याची, म्हणजे आपल्याच लोकांची, दुर्दशा झाली तरी यांना त्याचे दुःख नाही, असा तो आरोप आहे.

दूरदेशीचा माल घरात येतो आणि दारापाशीचा माणूस घराबाहेर राहतो. हे कसे घडते? आज त्यावर चिंतन करू या.

नकाशा काय दाखवतो, काय लपवतो

आपल्या मुलांच्या शाळेत भिंतीवर जगाचा नकाशा असतो. त्यांतील पुष्कळ नकाशे मर्केटर नावाच्या नकाशाकाराने १५६९ साली शोधलेल्या पद्धतीवर आधारलेले असत. खलाशांना दिशा धरायला ती पद्धत उत्तम होती. परंतु तिच्यात ध्रुवांकडचे प्रदेश फुगतात आणि विषुववृत्ताजवळचे आक्रसल्यासारखे वाटतात. या नकाशात ग्रीनलंड आणि आफ्रिका जवळजवळ सारखे दिसतात. प्रत्यक्षात आफ्रिका ग्रीनलंडच्या सुमारे १४ पट मोठी आहे.

१९७३ साली आर्नो पीटर्स या जर्मन इतिहासकाराने दुसऱ्या प्रकारचा नकाशा लोकांपुढे ठेवला. त्यात प्रत्येक देशाला त्याच्या क्षेत्रफळाइतकी जागा मिळाली. देशांचे आकार मात्र उभे ताणले गेले, म्हणून भूगोलतज्ज्ञांनी त्याच्यावर टीका केली. तरीही अनेक ख्रिस्ती साहाय्य संस्थांनी तो आवर्जून भिंतीवर लावला. गरीब देश लहान नाहीत, आपण त्यांना लहान काढले आहे, हे त्यातून कळत होते.

पुढे २००६ साली इंग्लंडमधील शेफिल्ड विद्यापीठातील अभ्यासकांनी 'वर्ल्डमॅपर' नावाची नकाशांची मालिका तयार केली. यात देश त्याच्या जमिनीइतका नव्हे, तर ज्या गोष्टीचा नकाशा आहे त्या गोष्टीइतका मोठा काढतात. संपत्तीचा नकाशा असेल तर पश्चिम युरोप, उत्तर अमेरिका आणि जपान फुगून येतात, आणि आफ्रिका खंड वाळलेल्या फांदीसारखा बारीक होतो. बालमृत्यूंचा नकाशा काढला की तीच आफ्रिका फुगते आणि जपान दिसेनासा होतो. भूमी तीच, पण देव जी लेकरे मोजतो आणि बाजार जे पैसे मोजतो त्यांचे नकाशे जुळत नाहीत.

संपत्तीचा नकाशा निसर्गाने काढलेला नाही, हेही लक्षात ठेवायला हवे. अँगस मॅडिसन या अर्थशास्त्रज्ञाने जुन्या काळातील उत्पन्नाचे अंदाज बांधले. त्याच्या हिशेबानुसार १७०० साली जगाच्या एकूण उत्पन्नात हिंदुस्थानचा वाटा सुमारे एक चतुर्थांश होता. १९५० साली भारताचा वाटा ४ टक्क्यांच्या आसपास उरला. फाळणी जमेस धरली तरी एवढ्या घसरणीचा उलगडा होत नाही. माती तीच होती, पाऊस तोच होता, माणसेही तितकीच कष्टाळू होती. एकीकडे युरोपात यंत्रे आली आणि दुसरीकडे सत्ता व व्यापाराचे नियम परक्यांच्या हाती गेले. माणसांनी काढलेली रेषा माणसांना बदलता येते. ही धोक्याची सूचना आहे आणि आशेचा संदेशही आहे.

पवित्र शास्त्रातील व्यापाराचा नकाशा

बायबलमध्ये व्यापाराचा एक पूर्ण नकाशा आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. यहेज्केलच्या ग्रंथाचा सत्ताविसावा अध्याय घरी गेल्यावर जरूर वाचा. ख्रिस्तपूर्व सहाव्या शतकातील सोर नगरीकडे कोठून काय येत असे याची ती यादीच आहे. तार्शीशहून रुपे, लोखंड, कथील आणि शिसे. तोगार्माहून घोडे आणि खेचरे. दिमिष्काहून द्राक्षारस आणि पांढरी लोकर. शबाहून मसाले, रत्ने आणि सोने. यहूदा आणि इस्राएलातून गहू, मध, तेल. या यादीत यावान, तुबाल आणि मेशेख यांच्याकडून येणारा एक 'माल' म्हणजे माणसे. धातूंच्या आणि घोड्यांच्या मध्ये गुलामांची नोंद आहे, जणू ती एक जिन्नसच.

नव्या करारात प्रकटीकरणाच्या अठराव्या अध्यायात पुन्हा एक मालाची यादी येते. तिची सुरुवात सोन्याने होते आणि शेवट माणसांच्या जिवांनी. दोन्ही ठिकाणी ती श्रीमंत नगरी कोसळते, आणि प्रकटीकरणात व्यापारी दूर उभे राहून रडतात. कशासाठी? आपला माल आता कोणी घेणार नाही यासाठी. त्या माणसांसाठी कोणी रडत नाही.

हा नकाशा आपल्या वसईपर्यंत येऊन पोहोचतो. आपल्या तालुक्यातील सोपारा हे प्राचीन काळी शूर्पारक नावाचे मोठे बंदर होते. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील एका ग्रीक व्यापाऱ्याच्या प्रवासवर्णनात त्याचा उल्लेख आहे. शलमोन राजाची गलबते ओफीर नावाच्या देशातून सोने आणीत, असे राजांच्या पहिल्या ग्रंथात लिहिले आहे. बायबलच्या प्राचीन ग्रीक भाषांतरात हे नाव 'सोफीर' असे येते. म्हणून ओफीर म्हणजेच सोपारा असावे असे काही अभ्यासकांनी सुचवले. इतरांनी ते अरबस्तानात किंवा आफ्रिकेत शोधले आहे. वाद विद्वानांकडे सोपवू. पण त्या सोन्याचे पुढे काय झाले हे शास्त्रात स्पष्ट आहे. शलमोनाने ढीगभर सोने आणले, आणि त्याच्या मृत्यूनंतर लोक त्याच्या मुलाकडे जाऊन म्हणाले की तुमच्या वडिलांनी आमच्यावर फार जड जू लादले, ते थोडे हलके करा. मुलाने ऐकले नाही आणि राज्य दुभंगले. राजवाड्यात सोने आले, पण ते वाहणाऱ्यांच्या मानेवरचे जू उतरले नाही. त्या काळीही देशाची भरभराट आणि देशातील माणसांची भरभराट या दोन वेगळ्या गोष्टी होत्या.

आजची गलबते

आज जगातील मालाच्या व्यापारापैकी वजनाने ८० टक्क्यांहून अधिक माल समुद्रमार्गे जातो. १९५६ साली माल्कम मॅक्लीन या अमेरिकन वाहतूकदाराने एका जहाजावर ५८ ॲल्युमिनियमच्या पेट्या चढवून न्यूयॉर्कजवळच्या न्यूअर्क बंदरातून ह्यूस्टनला पाठवल्या. त्या पेट्यांनी, म्हणजे आपण ज्यांना कंटेनर म्हणतो त्यांनी, मालवाहतूक इतकी स्वस्त केली की वस्तू कोठे बनते याला महत्त्व राहिले नाही. जेथे मजुरी कमी तेथे कारखाना जाऊ लागला. आपल्या न्हावा-शेवा बंदरात १९८९ पासून अशाच पेट्या चढतात-उतरतात. आपल्या धर्मग्रामातील किती तरी घरांतील मुलगे जहाजांवर आहेत. त्यांच्या आयांना जगाचा नकाशा पुस्तकाशिवाय पाठ आहे.

या पेट्यांत काय असते? तीन उदाहरणे घेऊ.

नाताळला आपण मुलांना चॉकलेट देतो. जगातील निम्म्याहून अधिक कोको आयव्हरी कोस्ट आणि घाना या पश्चिम आफ्रिकेतील दोन देशांत पिकतो. पण चॉकलेटच्या किमतीतील दहा टक्केसुद्धा कोको पिकवणाऱ्या शेतकऱ्याच्या हाती पडत नाहीत, असे अनेक अभ्यासांत दिसले आहे. मोठा वाटा प्रक्रिया, ब्रँड आणि दुकान यांना जातो. फुलाचा किंवा केळीचा व्यापार करणाऱ्या आपल्या वाडवळ, कुपारी शेतकऱ्याला हे समजावून सांगण्याची गरज नाही. दादरच्या बाजारात काय भाव होता आणि आपल्या हातात काय आले, हा हिशेब त्याने आयुष्यभर केला आहे.

दुसरे उदाहरण आपल्या खिशात आहे. मोबाईलच्या बॅटरीत कोबाल्ट नावाचा धातू असतो. जगात खाणीतून निघणाऱ्या कोबाल्टपैकी सुमारे ७० टक्के एकट्या काँगोच्या लोकशाही प्रजासत्ताकातून येतो. एवढे धन पोटात असलेला हा देश जगातील सर्वांत गरीब देशांमध्ये गणला जातो. २०२३ च्या जानेवारीअखेर पोप फ्रान्सिस किन्शासाला गेले तेव्हा त्यांनी जगाला कळकळीने बजावले की आफ्रिका ही ओरबाडून न्यायची खाण नाही.

तिसरे उदाहरण आपल्या अंगावरचे. २४ एप्रिल २०१३ रोजी बांगलादेशात ढाक्याजवळ 'राना प्लाझा' ही इमारत कोसळली आणि १,१३४ माणसे मेली. त्यांपैकी बहुतेक पाश्चात्त्य देशांसाठी कपडे शिवणारे कामगार, त्यातही स्त्रिया अधिक. आदल्या दिवशी भिंतींना तडे गेलेले दिसले होते. तरी कामगारांना आत पाठवले गेले. आठवड्याभरात, कामगार दिनी, पोप फ्रान्सिस यांनी तेथील महिना ३८ युरो मजुरीचा उल्लेख करून याला गुलामगिरीचे श्रम म्हटले. यहेज्केलच्या यादीतील माणसे अजून यादीतच आहेत. फक्त त्यांची नोंद आता कपड्याच्या किमतीत दडलेली असते.

मग व्यापार करणे पाप आहे का?

असा प्रश्न तुमच्या मनात आला असेल, आणि तो रास्त आहे. आपल्यापैकी कित्येक जण दुकानदार आहेत, कंत्राटदार आहेत, कंपन्यांत नोकरीला आहेत. कित्येक घरे आखाती देशांतून आलेल्या पैशावर उभी आहेत. त्यांना व्यासपीठावरून दोषी ठरवणे सोपे आहे, पण ते सत्य ठरणार नाही.

सत्य असे आहे की व्यापाराने गरिबांचेही भले झाले आहे. चीनने १९७८ नंतर दारे उघडली आणि चार दशकांत तेथील सुमारे ८० कोटी लोक अतिदारिद्र्यातून वर आले. आपल्याही देशात १९९१ नंतर अनेक घरांत पहिल्यांदा पक्के छप्पर आले. परदेशी राबणाऱ्या भारतीयांनी २०२४ साली सुमारे १२९ अब्ज डॉलर घरी पाठवले. जगात कोणत्याच देशाला एवढी रक्कम आली नाही. त्या पैशात आयांची औषधे आणि मुलांची शिक्षणे आहेत. जो माणूस नुसता 'बाजार वाईट' म्हणतो तो या आयांना काय उत्तर देणार?

पण दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. जागतिक बँकेच्या २०२५ च्या अंदाजानुसार दिवसाला ३ डॉलरपेक्षा कमी खर्चात जगणारे सुमारे ८० कोटी लोक अजून आहेत. आणि २०२२ च्या 'जागतिक विषमता अहवाला'नुसार जगातील सर्वांत श्रीमंत १० टक्के लोकांकडे एकूण मालमत्तेपैकी ७६ टक्के आहे, तर खालच्या निम्म्या मानवजातीकडे २ टक्के. आपल्या लग्नाच्या मांडवात ही पंगत बसवून पाहा. शंभर पाहुणे आणि शंभर ताटे. दहा जण ७६ ताटे आपल्यापुढे ओढतात. चाळीस जणांत २२ ताटे वाटली जातात. उरलेल्या पन्नास जणांपुढे मिळून दोन ताटे येतात. अशा मांडवात आपण 'जेवण छान होते' म्हणून घरी येऊ का?

तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटलने व्यापारात एक महत्त्वाचा भेद केला आहे. एक व्यवहार घर चालवण्यासाठी असतो. त्याला मर्यादा असते, कारण पोटाला मर्यादा असते. दुसरा केवळ पैशातून पैसा वाढवण्यासाठी असतो. त्याला मर्यादाच नसते, कारण आकड्यांचे पोट कधी भरत नाही. संत थॉमस अक्वायनस यांनी यात ख्रिस्ती विचाराची भर घातली. माणसाला खासगी मालमत्ता ठेवण्याचा हक्क आहे, पण पृथ्वीची फळे देवाने सर्वांसाठी दिली आहेत. म्हणून जो जिवावर बेतलेल्या गरजेत आहे त्याचा माझ्याजवळच्या अधिकाच्या वस्तूवर हक्क निर्माण होतो. त्यांच्याही आधी, चौथ्या शतकात, संत जॉन ख्रिसोस्तोम यांनी अंत्युखियात लाझरसवर प्रवचनांची मालिकाच दिली. आपल्याजवळचे गरिबांना न देणे ही चोरीच होय, असे त्यांनी श्रीमंतांना तोंडावर सांगितले.

ख्रिस्तसभेच्या सामाजिक शिकवणुकीचा पाया हाच आहे. पोप लिओ तेरावे यांनी १८९१ साली 'रेरुम नोव्हारुम' या परिपत्रकात कामगाराला कुटुंब पोसता येईल एवढी मजुरी मिळाली पाहिजे हे ठामपणे मांडले. मालक आणि मजूर दोघेही राजी झाले म्हणजे करार न्याय्य होतो असे नाही. भुकेलेला माणूस कशालाही राजी होतो. २०२५ साली निवडून आलेल्या पोपमहोदयांनी लिओ चौदावे हे नाव घेताना याच परिपत्रकाची आठवण काढली, आणि गरिबांवरील प्रेमाविषयी 'दिलेक्सी ते' हा उपदेश त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये प्रसिद्ध केला.

आपल्या मुंबईचाही या शिकवणुकीत वाटा आहे. डिसेंबर १९६४ मध्ये पोप पॉल सहावे आंतरराष्ट्रीय युखरिस्त परिषदेसाठी मुंबईला आले. भारतात पाऊल ठेवणारे ते पहिले पोप. येथील गरिबी त्यांनी डोळ्यांनी पाहिली. शस्त्रांवर होणाऱ्या खर्चाचा काही भाग राष्ट्रांनी गरिबांसाठीच्या एका जागतिक निधीत द्यावा, असे आवाहन त्यांनी मुंबईतूनच जगाला केले. येथे वापरलेली आपली मोटारगाडी त्यांनी मदर तेरेसांना देऊन टाकली. मदरांनी तिची सोडत काढून आलेला पैसा कुष्ठरोग्यांच्या वसाहतीला लावला. सुमारे सव्वादोन वर्षांनी, १९६७ साली, 'पोपुलोरुम प्रोग्रेसियो' या परिपत्रकात त्यांनी मुंबईतील त्या आवाहनाची आठवण करून दिली. राष्ट्राराष्ट्रांतील मुक्त व्यापार दोन्ही बाजू बऱ्याच अंशी समान असतील तरच न्याय्य ठरतो, हा मुद्दाही त्याच परिपत्रकातला. जगाच्या संपत्तीच्या नकाशावर ख्रिस्तसभेने जे काही म्हटले आहे, त्यातील एक महत्त्वाचे पान आपल्या शेजारच्या शहरात सुचलेले आहे.

आपल्या धर्मग्रामाचा नकाशा

आता दूरच्या नकाशावरून दारापाशी येऊ या. काँगो आणि ढाका यांविषयी हळहळणे तुलनेने सोपे असते. दाखल्यातील लाझरस मात्र काँगोत नव्हता. तो फाटकाशी होता.

मार्च ते मे २०२० या टाळेबंदीच्या काळात आपल्याला एक नकाशा दिसला. जो रोज आपल्यासमोर होता, पण आपण पाहिला नव्हता. महामार्गावरून डोक्यावर बोचकी घेऊन उत्तरेकडे चालत निघालेले ते हजारो लोक कोण होते? आपल्या इमारती बांधणारे, आपले दूध, भाजी, पार्सल पोहोचवणारे. वसई रोड स्थानकातून श्रमिक गाड्या सुटल्या तेव्हा किती जण आपल्या तालुक्यात राहत होते ते आपल्याला कळले. त्या वेळी आपल्यातील अनेक कुटुंबांनी आणि तरुणांनी अन्नाची पाकिटे वाटली. देव त्यांचे कल्याण करो. पण संकट सरले आणि तो नकाशा आपण पुन्हा गुंडाळून ठेवला.

मी प्रत्येक लघु ख्रिस्ती समूहाला आज एक विनंती करतो. आपल्या आळीचा एक नकाशा कागदावर काढा. चर्च, क्रूस, विहीर, तळे, शाळा दाखवा. मग त्यात भाड्याच्या खोल्या दाखवा, वीटभट्टी दाखवा, आदिवासी पाडा दाखवा, बांधकामावरील पत्र्याच्या झोपड्या दाखवा. आपल्या घरी भांडी घासायला येणारी बाई कोठून येते आणि किती वाजता उठते, ते विचारा. एकटी राहणारी आजी, कर्जात बुडालेले घर, दारूने मोडलेले घर, ज्याच्या मुलाची फी थकली आहे ते घर. ही सगळी नावे लिहा. लाझरसला नाव होते, म्हणून प्रत्येकाचे नाव लिहा. तो ख्रिस्ती आहे की नाही हे पाहू नका. संत विन्सेंट डी पॉल सोसायटीच्या सभासदांना मी सांगितले आहे की हे कागद त्यांनी एकत्र करावेत. १८३३ साली पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानम आणि त्यांच्या विद्यार्थी मित्रांनी ही सोसायटी सुरू केली, तीही गरिबांच्या घरी प्रत्यक्ष जाऊन.

नकाशा काढून झाला की काही कठीण प्रश्न समोर येतील. ते टाळू नका. जमीन विकून आलेला पैसा हा आपल्या भागातील मोठा विषय आहे. काहींच्या वाटणीला कोटी आले, काहींच्या सख्ख्या बहिणीला सही करून रिकाम्या हाताने परत जावे लागले. विहिरीचे पाणी टँकरने विकले जाते. विकणाऱ्याला पैसा मिळतो आणि शेजारच्याची विहीर खारट होते. गवंड्याची, गड्याची मजुरी 'पुढच्या आठवड्यात देतो' म्हणून लांबवली जाते. अनुवादाच्या ग्रंथात मजुराची मजुरी सूर्य मावळण्यापूर्वी द्यावी असा नियम आहे, कारण तो गरीब असतो आणि त्याचे मन तिच्याकडे लागलेले असते. कोको आणि कोबाल्टच्या व्यापारातील अन्याय आणि हा अन्याय, यांत फक्त अंतराचा फरक आहे.

कोणी म्हणेल, फादर, आम्ही दान देतोच. जरूर द्या. परंतु दान आणि न्याय यांत गल्लत करू नका. बहिणीचा हक्काचा वाटा ठेवून घेऊन चर्चच्या छपराला देणगी दिली, तर छप्पर होईल, न्याय होणार नाही. आधी ज्याचे त्याला द्या, मग आपले द्या.

ती दरी

दाखल्याच्या शेवटी अब्राहाम श्रीमंताला सांगतो की आपल्यामध्ये एक मोठी दरी आहे, इकडून तिकडे कोणाला येता येत नाही. हे ऐकून आपल्याला भय वाटते. पण जरा विचार करा. मृत्यूपूर्वी त्या दोघांमध्ये किती अंतर होते? एका फाटकाचे. आणि त्या फाटकाची कडी आतल्या बाजूला होती. लाझरसला ती उघडता येत नव्हती. श्रीमंताला येत होती. त्याने ती रोज बंद ठेवली, आणि रोज बंद ठेवलेले फाटकच शेवटी दरी झाले. देवाने ती दरी खणली नाही.

येशू असे कोठेही म्हणत नाही की श्रीमंताने लाझरसला मारले, लुटले किंवा हाकलले. त्याने लाझरसचे काही केलेच नाही. हाच त्याचा अपराध. आणि पाहा, त्याला लाझरसचे नाव ठाऊक होते! अधोलोकातून तो म्हणतो, लाझरसला पाठवा. म्हणजे त्याने त्याला पाहिले होते, नाव ऐकले होते. तिथेही तो त्याला पाणी आणायला, निरोप सांगायला पाठवू पाहतो. त्याच्या नजरेत लाझरस अजूनही कामाचा गडीच आहे, भाऊ नाही. दुःख भोगूनही त्याचा नकाशा बदललेला नाही.

त्याचे पाच भाऊ अजून जिवंत होते. त्यांच्यासाठी मेलेल्यातून कोणी तरी उठावे अशी त्याची मागणी होती. ती नाकारली गेली. बंधू-भगिनींनो, ते पाच भाऊ म्हणजे आपण आहोत. आपल्याकडे मोशे आहे, संदेष्टे आहेत, आणि मेलेल्यातून जो उठला तोही आहे. आज या वेदीवर तोच प्रभू एकच भाकर मोडून सर्वांना देणार आहे. या पंगतीत कोणापुढे ७६ ताटे नसतात. डॉक्टरला, मोलकरणीला, बिल्डरला, त्याच्या मजुराला, सर्वांना सारखेच ख्रिस्तशरीर मिळते. हा देवाने काढलेला जगाचा नकाशा आहे. मिस्सा संपल्यावर तो दारात ठेवून जाऊ नका, घरी घेऊन जा.

आणि घरी पोहोचल्यावर आधी आपल्या फाटकाशी थोडे थांबा. बाहेर कोण आहे ते पाहा.

चिंतनासाठी प्रश्न

१. माझ्या घरात, दुकानात किंवा शेतात काम करणाऱ्या प्रत्येक व्यक्तीचे पूर्ण नाव आणि तिच्या कुटुंबाची स्थिती मला ठाऊक आहे का?

२. जमीन, मजुरी, पाणी किंवा उसने पैसे यांबाबत कोणाचा हक्काचा वाटा माझ्याकडे अडकून पडला आहे का? तो मी केव्हा परत करणार?

३. माझ्या गरजा आणि माझी हाव यांमधील सीमारेषा मी कोठे आखली आहे?

प्रार्थना

हे प्रभू येशू, तू श्रीमंत असूनही आमच्यासाठी गरीब झालास. आमच्या हाताला कष्टाची भाकर दिलीस याबद्दल आम्ही तुझे आभारी आहोत. आमच्या घरातील प्रत्येक वस्तूमागे ज्यांचे घाम आणि अश्रू आहेत, त्यांना आशीर्वाद दे. समुद्रावर असलेल्या आमच्या मुलांचे, परदेशी राबणाऱ्या आमच्या माणसांचे आणि आमच्या गावी राबायला आलेल्या परगावच्या बांधवांचे रक्षण कर. आमच्या फाटकाची कडी आमच्याच हातात आहे, ती उघडण्याचे धैर्य आम्हांला दे. आमेन.

आपला प्रभूठायी,
प्रमुख धर्मगुरू